गोलकीपरच्या मागची सतरंजी

या, असे जवळ सरका. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या, मांडीला मांडी लावून बसलात तर सगळे मावाल. आज तुम्हाला आमच्या नवसाबाईची गोष्ट सांगतो. गोष्ट फुटबॉलची आहे, पण कीर्तनाला बसता तसेच बसा. का, ते कळेल.

आमची वस्ती मखमलाबाद रस्त्याला, मळ्यांच्या मधोमध. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर हे आमचं पीक. पहाटे माल नाशिकच्या बाजारात आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन, हा आमचा दिवस. सप्ताह बसला की विचारूच नका. बाहेरगावचे बुवा कीर्तनाला उभे राहायचे आणि त्यांच्या मागे आमचे टाळकरी. ज्यानं कीर्तन लांबून ऐकलंय त्याला वाटतं, टाळकरी नुसते शोभेला उभे. तसं नसतं हो. बुवांना दम लागला, घोटभर पाणी प्यायचंय, पुढचा शब्द आठवत नाही, अशा वेळी मागचे ध्रुपद उचलतात आणि बुवांना श्वास घ्यायला जागा करून देतात. लोक बघतात बुवांकडे, पण बुवा उभे असतात ते पाठीमागच्या आवाजावर. हे नवसाबाईला जितकं कळायचं तितकं मी कोणात पाहिलं नाही. बाई टाळ धरायची तेव्हा वाटायचं, देवळाच्या भिंतीसुद्धा सावरून उभ्या राहिल्या.

त्र्याण्णव साली फुलबाजारातल्या पोरांनी फुटबॉलचा संघ काढला. नाव ठेवलं गोदातीर मंडळ. वस्तीजवळच्या मोकळ्या मैदानावर दोन्ही टोकांना लोखंडी पाइपाचे गोल उभे केले आणि गोलांच्या मागे मुरमाचा बांध घातला, चेंडू शेतात जाऊ नये म्हणून. नवसाबाईचा भाचा ज्ञानेश गोलकीपर झाला. आईवेगळं पोर, आत्याच्याच हाताखाली वाढलेलं. पहिल्या मॅचला आत्या येणार म्हटल्यावर अख्खं भजनी मंडळच निघालं. सतरंजी घेतली, टाळ घेतले, पुंजारामनं मृदंग घेतला. रिकाम्या हातानं जायची सवयच नव्हती.

मैदानावर गेलो खरे, पण बसायचं कुठं? सगळे लोक मधल्या रेघेजवळ लिंबाच्या सावलीत दाटीनं बसले होते. नवसाबाई उन्हात उभी. कपाळावर हात धरून तिनं सगळं मैदान न्याहाळलं आणि मला म्हणाली, "लहानूभाऊ, यातला बुवा कोण?"

"अगं, फुटबॉलमध्ये बुवा नसतो."

"कसा नसंल? हे एवढे सगळे पळताहेत आणि तो एकटाच उभा हाय. सगळ्यांचे डोळे शेवटी त्याच्यावरच येताहेत. तोच बुवा."

आणि ती सरळ चालत गेली आणि ज्ञानेशच्या गोलामागच्या बांधावर सतरंजी अंथरली! आम्ही तिच्या मागे. बुवा समोर, टाळकरी मागे, म्हणजे आमच्या हिशेबानं सगळं जागच्या जागी. लिंबाखालचे लोक हसायला लागले. "अहो काका, गोल करायचाय तो तिकडं! आपल्याच गोलामागं बसून काय दिसणार?" आम्हाला काय ठाऊक? अर्धा खेळ झाल्यावर संघांनी बाजू बदलल्या. ज्ञानेश पलीकडच्या गोलात गेला. नवसाबाई उठली. "चला, बुवांनी जागा बदलली." सतरंजी गुंडाळली, पुंजारामनं मृदंग गळ्यात घातला आणि आम्ही सगळं मैदान वळसा घालून पलीकडच्या बांधावर. मग तर लिंबाखाली हसून हसून मुरकुंडी वळली.

पण त्या दिवशी ज्ञानेशनं एकही गोल होऊ दिला नाही. घरी येताना म्हणाला, "आत्या, मागं टाळ वाजत होता ना, वाटत होतं देवळातच उभा आहे. भीतीच वाटली नाही."

झालं. तेव्हापासून रीतच पडली. चेंडू लांब असला की टाळ सावकाश, जवळ आला की लय वाढायची आणि समोरच्यानं पाय उचलला की एकदम बंद, म्हणजे ज्ञानेशचं ध्यान ढळू नये. पंचांनी सुरुवातीला कुरकुर केली. नवसाबाईनं त्यांच्या हातावर पेढा ठेवून विचारलं, "साहेब, तुमची शिट्टी चालते आणि आमचा टाळ नाय चालत, असं कुठं लिहिलंय?" पंच हसले आणि विषय मिटला. पुढं पुढं लिंबाखालची माणसंसुद्धा एकेक करून बांधावर यायला लागली. अर्ध्या वेळेला सगळी वस्ती उठून या टोकाकडून त्या टोकाकडं चालत जायची. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं मिरवणूक निघाली. सुरगाण्याच्या पोरांनी तर खेळायचं सोडून टाळ्या वाजवल्या होत्या.

अशी दहा वर्षं गेली. आता ऐका, अडचण कुठं आली ते.

दोन हजार तीन साली जिल्ह्याच्या चषकाच्या फायनलला ज्ञानेशच्या दोन पायांतून चेंडू गेला. साधा, लोळत आलेला चेंडू. लहान मुलानं अडवला असता. त्या गोलावर आम्ही हरलो. टाळ थांबले. एकट्या नवसाबाईचा टाळ चालू होता, ज्ञानेश उठून उभा राहीपर्यंत. मग लोकांची तोंडं सुटली. "टाळ ऐकत बसला, चेंडू कोण बघणार?" "भजनी गोली!" ज्ञानेश भाजीच्या पाट्या उचलायला जायचा तिथंही कोणीतरी पायांतून बटाटा सोडायचा आणि सगळे फिदीफिदी हसायचे.

त्याच वर्षी मंडळाचे अध्यक्ष सावळीराम यांनी मैदानाचं रूप पालटायला घेतलं. माणूस वाईट नाही बरं का. ट्रॅक्टरचा धंदा चांगला चाललेला, हात सढळ आणि मंडळावर जीव. मधल्या रेघेजवळ त्यांनी पत्र्याच्या छपराचं स्टँड बांधलं, त्यात प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, पुढं पाहुण्यांसाठी सोफा. मग पुढच्या साली, पुन्हा फायनल जवळ आली तेव्हा, एका संध्याकाळी भजन संपल्यावर देवळात आले आणि म्हणाले, "दहा वर्षं मातीत बसलात. आता पहिल्या ओळी तुमच्या. मानाच्या खुर्च्या. फायनल झाली की गोलांमागं जाळी लावायची आणि तिच्यावर जाहिरातींचे बोर्ड. मुंबईला असतं तसं."

लोकांना आनंद झाला. का नाही होणार? उन्हानं डोकी तापायची, म्हाताऱ्यांच्या पाठी धरायच्या. पुंजाराम तर म्हणाला, "खुर्चीला पाठ असते हो! बांधाला कुठं असते?"

नवसाबाई टाळांची दोरी गुंडाळत होती. म्हणाली, "सावळीराम, खुर्च्या चांगल्याच हायेत. पण बुवाच्या मागं कोण?"

"नवसामावशी, तो बुवा नाही. गोलकीपर आहे."

"त्याच्या मागं कोण?"

"जाळी!"

सगळे हसले. बाई हसली नाही. "जाळी चेंडू धरील. पोराला कोण धरील?"

सावळीराम जरा ओशाळले. म्हणाले, "बरं, एवढी फायनल बसा बांधावर, ज्यांना बसायचंय त्यांनी. शेवटचं. पुढच्या आठवड्यात जाळीवाला येतोय."

त्या रात्री जेवताना ज्ञानेश आत्याला म्हणाला, "ही फायनल खेळतो आणि हातमोजे खुंटीला टांगतो. मागं जाहिरातीचे बोर्ड घेऊन मला उभं राहता येणार नाही." नवसाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि एवढंच म्हणाली, "आधी ही तर खेळ." पण मला नंतर सांगितलं, "लहानूभाऊ, गेल्या साली चेंडू पायातून गेला तेव्हाच पोरानं खेळ सोडला असता. टाळ चालू होता म्हणून उभा राहिला. आता बांध गेला तर तो नुसता फुटबॉल नाय सोडणार, मान वर करून चालायचं सोडंल."

आमच्या जिवाला घोर होता तो हा. चषक मिळो न मिळो.

फायनल मालेगावच्या संघाशी. यंत्रमागावर काम करणारी पोरं, पायांत वारं भरलेलं. टेम्पो भरून त्यांची माणसं आली होती, ती समोरच्या अंगाला बसली. आमची माणसं नव्या स्टँडमध्ये. पुंजाराम पहिल्या ओळीत, मृदंग मांडीवर, पाठ खुर्चीला टेकलेली. सोफ्यावर मुंबईहून आलेले एक पाहुणे, एकेकाळचे मोठे खेळाडू, आणि त्यांच्या शेजारी कोऱ्या सदऱ्यात सावळीराम. जिंकणाऱ्यांसाठी झेंडूचे हार नवसाबाईनंच सकाळी ओवून दिले होते.

आणि बांधावर? नवसाबाई, तिची मैत्रीण कलाबाई आणि मी. एवढ्या मोठ्या सतरंजीवर तिघं. उरलेली सतरंजी वाऱ्यानं उलटत होती, म्हणून कलाबाईनं टोकावर चपला ठेवल्या.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मालेगावनं गोल केला. कोपऱ्यातून आलेला सुसाट चेंडू, कोणालाच अडवता आला नसता. पण स्टँडमधून आवाज आलाच, "बघा, पाय जुळवून उभा राहा म्हणावं!" ज्ञानेशनं मागं वळून पाहिलं. तीन माणसं टाळ वाजवत होती. त्यानं मान हलवली आणि पुन्हा समोर वळला.

अर्धा वेळ झाला. बाजू बदलल्या. आम्ही सतरंजी गुंडाळली आणि निघालो. वाट स्टँडच्या पुढूनच जायची. दोन म्हाताऱ्या आणि खांद्यावर सतरंजी घेतलेला मी. वरून कोणीतरी ओरडलं, "ओ मावशी, दिंडी लय लहान झाली!" नवसाबाईनं वर पाहिलं, पुंजारामशी नजरानजर झाली आणि ती नुसती म्हणाली, "बस रे बाबा, पाठ टेकून बस. सुखात राहा."

रागावून बोलली असती तर पुंजाराम बसून राहिला असता. पण असा आशीर्वाद कोणाला पचतो? आम्ही दहा पावलं गेलो नाही तोच मागून मृदंगावर थाप पडली. पुंजाराम जिना उतरत होता. "हात शिवशिवतोय हो," म्हणाला, "खुर्चीत मृदंग नीट बसत नाही, कोपर लागतं." खुर्चीच्या हातावर ढकलून मोकळा झाला! त्याच्या मागून लताबाई उठली, मग देवराम, मग बरेचसे. सगळे नाही. पण सतरंजीच्या टोकावर चपला ठेवायची गरज उरली नाही.

दुसऱ्या अर्ध्यात काय खेळला ज्ञानेश! उजवीकडं झेप, डावीकडं झेप, एकदा तर समोरच्याच्या पायांवर जाऊन चेंडू उचलला. आमच्या पोरांनाही चेव आला आणि शेवटाला एक गोल फेडला. बरोबरी झाली. आता पेनल्टी.

पेनल्टीची रीत माहीत नसेल तर सांगतो. दोन्ही संघ एकाआड एक चेंडू मारतात, पण गोल एकच. दोन्ही गोलकीपर त्याच गोलात, आळीपाळीनं. पंचांनी निवडला तो गोल नेमका आमच्या पुढचा. मालेगावचा गोलकीपर इरफान, वीस-एकवीस वर्षांचा शिडशिडीत पोरगा, पहिल्यांदा येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठीशी कोण? आम्ही! त्याची सगळी माणसं तिकडं लांब.

आमच्या तरण्या पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. "ए, चुकला रे चुकला!" पुंजारामनं मृदंगावरून हात उचलले. "हा काही आपला नाही." इरफाननं चोरट्या नजरेनं मागं पाहिलं. दोन्ही पाय नुसते थरथरत होते.

नवसाबाईनं ते पाहिलं. शिट्ट्या मारणाऱ्यांकडं वळून म्हणाली, "गप बसा! सप्त्याला बाहेरगावचा बुवा येतो तवा आपण शिट्ट्या मारतो का?" आणि तिनं टाळ उचलला. संथ, एकसारखा. ज्ञानेशसाठी वाजवायची तसाच.

पुंजारामनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. आमच्या देवळापुढं जो उभा राहिला त्याला साथ द्यायची, तो कुठला आहे हे विचारायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात आपोआप चालू झाले. सगळे टाळ, मृदंग, इरफानच्या पाठीशी.

स्टँडमध्ये हलकल्लोळ! सावळीराम सोफ्यावरून उठून, कोरा सदरा सांभाळत पळत आले. "मावशी! अहो, शत्रूचा गोलकीपर आहे तो! त्याला टाळ देताय?"

"बुवा उभा हाय तवर टाळ खाली ठेवत नसतात," बाई म्हणाली. "ज्ञानेश उभा राहील तवा त्यालाही देऊ. तुम्ही बसा जाऊन."

आता तुम्हाला वाटेल, देवानं तिची परीक्षा घेतली आणि आम्हाला जिंकवलं. नाही हो. ज्ञानेशनं त्यांचा एक अडवला, आम्ही नाचलो. पण इरफाननं आमचे दोन अडवले. दुसरा तर असा लांब झेपावून, बोटांच्या टोकांनी. ज्ञानेशच्या बोटांना लागूनच शेवटचा चेंडू आत गेला, आणि चषक मालेगावचा झाला.

स्टँडमधून ओरडा उठला. "टाळानं घालवली!" "त्यांचंच भजन करा आता!" कलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खोटं बोलवत नाही, क्षणभर माझ्याही मनात आलं, बाई, काय केलंस हे! नवसाबाई मात्र गोलाकडं बघत होती. ज्ञानेश गुडघ्यांवर बसला होता. टाळ वाजत होता. तो उठला, मान वर करून आला आणि सतरंजीवर आत्याच्या शेजारी बसून म्हणाला, "आत्या, तो चांगला खेळला गं."

"तूबी," बाई म्हणाली.

तेवढ्यात इरफान आला. गळ्यात हार, मागे त्याच्या संघातली दोन पोरं. म्हणाला, "अम्मा, पहले मैं समझा मुझे डराने को बजा रहे. फिर देखा, आपके लड़के को भी वही, मुझे भी वही. फिर मेरे पैरों का काँपना रुक गया." आणि गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घालायला लागला.

"हळू काढ रे बाबा," नवसाबाई म्हणाली. "सकाळी मीच ओवलाय, दोरा कच्चा हाय."

सगळे हसले. इरफानला मराठी पुरतं कळलं नसावं, पण तोही हसला आणि वाकून तिच्या पाया पडला. पलीकडच्या अंगाला बसलेली मालेगावची माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

सोफ्यावरचे मुंबईचे पाहुणे हे सगळं बघत होते. बक्षिसाच्या वेळी माइक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मी उभ्या देशात खेळलो. घरच्या मैदानावर पाहुण्या गोलकीपरला साथ देणारी माणसं कुठं पाहिली नाहीत. कोणाची माणसं आहेत ती?" आणि माइक सावळीरामांच्या पुढं केला.

सावळीराम रागानं लाल होते, हरल्याचं दुःख होतं. पण त्यांनी बांधाकडं पाहिलं. उन्हात बसलेली वस्तीतली माणसं, मधे हार घातलेली नवसाबाई, तिच्या एका अंगाला ज्ञानेश, दुसऱ्या अंगाला इरफान. माणसाचा ऊर भरून आला की तोंड त्याचं राहत नाही. ते माइकमध्ये म्हणाले, "आमची. आमची माणसं आहेत ती, साहेब! दहा वर्षं तिथंच बसतात, आणि हे मैदान आहे तोवर तिथंच बसणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर सावळीरामांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. पण सगळ्या नाशिकसमोर आणि सगळ्या मालेगावसमोर, माइकवर बोललेलं मागं कसं घेणार?

जाळीवाला आला, जाळीही लागली. पण दोन्ही गोलांमागं सतरंजी मावेल एवढी मोकळी जागा ठेवून. सावळीराम देवळात येऊन कुरकुरत म्हणाले, "मावशी, तोंडातून निघून गेलं, आता निभवावं लागतंय."

"तोंडातून नाय," ती म्हणाली, "पोटातून निघालं."

ज्ञानेशनं हातमोजे खुंटीला टांगले नाहीत. आणखी तीन वर्षं खेळला. बटाटा सोडणारे हात कधी थांबले ते कळलंच नाही. पुढच्या साली आम्ही मालेगावला खेळायला गेलो, तर गोलामागं आधीच एक कोरी करकरीत चादर अंथरलेली, त्यांच्याच मागावरची. चारी टोकांवर दगड. इरफान म्हणाला, "अम्मा के लिए. उड़ती है ना, इसलिए पत्थर." दुसऱ्या अर्ध्यासाठी पलीकडच्या गोलामागंही एक अंथरली होती. नवसाबाई त्या दिवशी एवढी ताठ बसली होती की तिच्याकडं बघून माझीही पाठ सरळ झाली.

बाईला जाऊन दोन वर्षं होतील. आता टाळ कलाबाईची नात धरते. ज्ञानेश लहान पोरांना गोलकीपिंग शिकवतो, आणि पहिल्या दिवशी चेंडू देण्याआधी त्यांना गोलात उभं करून विचारतो, "मागं कोण बसलंय, पाहिलंस?"

माझं मागणं एवढंच आहे. कधी मखमलाबाद रस्त्यानं गेलात आणि मैदानावर खेळ चालू असला, तर घटकाभर थांबा. स्टँडमध्ये सावली आहे, खुर्च्यांना पाठ आहे, खुशाल बसा. पण गोलामागं टाळ वाजताना ऐकलात, तर मनातल्या मनात आमच्या नवसाबाईचं नाव घ्या. जमलं तर थोडं सरकून तिच्यासाठीही जागा ठेवा.